सुया आणि लोकर : लाटांच्या विणीची केप

थंडी आली की प्रत्येक घरी स्वेटर बाहेर निघतात. आमच्या ग्वाल्हेरची थंडी तर पहाटे हाडांपर्यंत पोचणारी. परंतु दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात माझ्या लक्षात आले की, सासूबाई सकाळी स्वेटर न घालताच देवापाशी बसतात. विचारले तर म्हणाल्या, “अगं, सोसते मला.” खरे कारण पुढे कळले. त्यांचा उजवा खांदा जखडला होता, बाहीत हात घालण्यासाठी कोणाला तरी हाक मारावी लागे, आणि हाक मारणे त्यांना नको होते. थंडी सोसवत होती, ओशाळेपण सोसवत नव्हते.

तेव्हा ठरविले की, बाह्यांचा प्रश्नच नको. खांद्यांवर टाकता येईल अशी केप विणावी. घाईने जाड लोकर आणली आणि पानांची एक नाजूक, गुंतागुंतीची जाळी त्यात विणू लागले. अर्धे विणून झाल्यावर पाहिले, तर पाने कुठेच दिसेनात. नुसते जड, ओबडधोबड कापड झाले होते. सगळे उसवले. जाड लोकरीचा टाकाच मोठा. त्यामुळे वीण साधी व तिचा आकार ठळक हवा, हे मला त्या उसवण्याने शिकविले.

मग आठवली ‘ओल्ड शेल’ ही वीण. स्कॉटलंडच्या उत्तरेस शेटलंड नावाची बेटे आहेत. त्यांतील उन्स्ट बेटाच्या स्त्रिया अंगठीतून ओढून काढता येईल इतक्या तलम लोकरीच्या शाली विणीत. चहूबाजूंनी समुद्र असल्याने लाटा आणि शिंपले त्यांच्या विणीतही उतरले. ‘शेल’ हा शिंपल्याच्या इंग्रजी नावाचा तिकडचा उच्चार, असे सांगतात. ह्या विणीच्या चार ओळींपैकी जाळीची ओळ एकच असते. म्हणूनच ती जाड लोकरीतही उठून दिसते.

साहित्य : जाड लोकर सुमारे 400 ग्रॅम, 8 मिलिमीटरची (जुन्या क्रमांकांत शून्य नंबरची) तार असलेली लांब गोल सुई, एक मोठे बटण. सुई गोल असली तरी विणायचे मागेपुढेच. एवढे टाके सरळ सुईवर मावत नाहीत. जाड लोकर न मिळाल्यास नेहमीच्या लोकरीचे तीन-चार पदर एकत्र घ्यावेत. जुन्या स्वेटरची उसवलेली लोकरही चालते. मात्र तिच्या लडी करून, धुऊन, वळ्या काढून घ्याव्यात.

आधी नमुना विणून पाहावा. 10 सेंटिमीटरमध्ये साधारण 11 टाके बसले पाहिजेत. जास्त बसले तर सुई जाड घ्यावी, कमी बसले तर बारीक.

कृती : 132 टाके सैल हाताने घालावेत. 4 ओळी सर्व सुलट विणाव्यात. ह्यापुढे दोन्ही काठांचे 3-3 टाके शेवटपर्यंत सुलटच ठेवावेत. मधल्या 126 टाक्यांत 18 टाक्यांची वीण सात वेळा बसते.

पहिली ओळ : सर्व सुलट.
दुसरी ओळ : सर्व उलट.
तिसरी ओळ : दोन टाके एकत्र सुलट, असे 3 वेळा, लोकर पुढे घेऊन 1 सुलट, असे 6 वेळा, पुन्हा दोन टाके एकत्र सुलट, असे 3 वेळा. हे सात वेळा करावे.
चौथी ओळ : सर्व सुलट.

तिसऱ्या ओळीत सहा टाके कमी होतात आणि सहाच वाढतात. टाके कमी होतात तेथे कापड आत ओढले जाते, वाढतात तेथे फुगते. लाट तयार होते ती ह्यामुळे. ही ओळ झाल्यावर टाके मोजावेत. 132 नसतील तर चूक त्याच ओळीत आहे. ह्या चार ओळी आठ वेळा विणाव्यात.

आता खांद्यांसाठी टाके कमी करावेत. मधल्या टाक्यांवर 4 सुलट व 2 एकत्र असे करीत जावे; 105 उरतील. पाच ओळी साध्या (मागील बाजूने उलट). मग 3 सुलट, 2 एकत्र, 84 उरतील. पुन्हा पाच ओळी. मग 2 सुलट, 2 एकत्र, 63. तीन ओळी. शेवटी 1 सुलट, 2 एकत्र, 42 उरतील. काठ धरून 48 झाले. गळ्यासाठी 4 ओळी सुलट विणाव्यात. त्यांतील दुसऱ्या ओळीच्या आरंभी 1 सुलट, लोकर पुढे, 2 एकत्र असे केले की बटणाचे घर होते. टाके सैल बंद करावेत. उंची सुमारे 38 सेंटिमीटर भरते.

केप कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलात दाबून, चटईवर पसरावी आणि खालच्या लाटा टाचण्यांनी ताणून ठेवाव्यात. दोरीवर वाळत घालू नये. ओल्या लोकरीच्या वजनाने ती लांबते. लोकर कृत्रिम असेल तर गरम इस्त्री कटाक्षाने टाळावी.

सासूबाईंचे माहेर मालवणचे. तो किनारा सुटून पन्नास वर्षे झाली. केप मांडीवर घेऊन त्यांनी चौथ्या ओळीने उठलेल्या कडेवरून बोट फिरविले आणि म्हणाल्या, “भरती ओसरली की वाळूवर अशीच रेघ राहायची.” दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले, तेव्हा त्या देवापाशी बसलेल्या होत्या. केप खांद्यांवर होती. डाव्या हाताने टाकून घेतल्यामुळे ती थोडी तिरकी बसली होती. मी मुद्दामच सरळ केली नाही.