गोळीचं नाव लिहा, कंपनीचं नको

पोटात कळा, शौचातून रक्त, दिवसातून दहादा धावपळ. अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणतात याला. गोळी मेसालामाइन, आणि बरं वाटलं तरी वर्षानुवर्षे घ्यायची. आपल्या कळवणात कांदा पडला की पहिली काटछाट होते ती अशाच गोळ्यांवर. गोळी सुटली की आजार उलटतो, मग नाशिकच्या चकरा.

महाग का पडते? चिठ्ठीवर औषधाचं नाव नसतं, ब्रँडचं असतं. आणि चिठ्ठीतला ब्रँड परस्पर बदलून द्यायची मेडिकलवाल्याला कायद्यानेच मनाई आहे. म्हणजे आपला खर्च डॉक्टरांच्या पेनातून ठरतो.

२ ऑगस्ट २०२३ ला राष्ट्रीय वैद्यक आयोगाने जेनेरिक नाव लिहिणं बंधनकारक केलं. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केला, २३ ऑगस्टला नियम स्थगित. फक्त २१ दिवस! डिसेंबर २०२३ ची कांदा निर्यातबंदी उठायला मात्र मे २०२४ उजाडला. कोणाचं ओरडणं दिल्लीत लवकर ऐकू जातं, बघा.

जेनेरिकच्या दर्जाची शंका आहे? मग सरकारने तपासणी वाढवावी. त्याचं बिल पेशंटच्या माथी का?

एक लक्षात ठेवा. ही गोळी आतड्यात कुठे विरघळणार ते तिच्या आवरणावर ठरतं, म्हणून स्वतःहून बदलू नका. डॉक्टरांनाच विचारा, "साहेब, औषधाचं नाव लिहून द्या. जनऔषधीतली चालेल का?"

विचारायला लाजू नका. पैसे आपले जातात.