आधी अळी मोजा, मग पंप उचला



हरभरा फुलोऱ्यात आला आहे आणि आभाळही भरून येत आहे. अशा वेळी शेजाऱ्याच्या पाठीवर पंप दिसला की आपणही दुकानाची वाट धरतो. यंदा तसे करू नका. आधी आपल्या वावरात उतरा.

घाटेअळीची मादी कोवळ्या पानांवर, कळ्या-फुलांवर सुटी सुटी अंडी घालते. बारकी अळी पान खरवडते. घाटे धरले की डोके आत खुपसून दाणे फस्त करते. एकटी अळी ३० ते ४० घाटे पोखरते. मोठी अळी औषधाला दाद देत नाही, म्हणून ती लहान असतानाच गाठायला हवी.

त्यासाठी एवढे करा :

१. एकरी २ कामगंध सापळे लावा. रोज सकाळी पतंग मोजा. सलग तीन दिवस सापळ्यामागे ८-१० पतंग सापडले किंवा मीटरभर ओळीत १-२ अळ्या दिसल्या, तरच फवारणी करा.

२. एकरी २० पक्षीथांबे रोवा. पेरताना ज्वारीचे दाणे मिसळले असतील, तर थांबे आयतेच उभे आहेत. साळुंक्या, कोतवाल अळ्या टिपतील. घाटे पक्व होऊ लागताच थांबे काढा.

३. पहिली फवारणी ५ टक्के निंबोळी अर्काची. ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर भिजवा, गाळून १०० लिटर द्रावण करा.

४. अळ्या लहान असतील तर एचएनपीव्ही विषाणू हेक्टरी ५०० एलई फवारा, तोही संध्याकाळी. उन्हात त्याचा जोर ओसरतो.

५. एवढ्याने भागले नाही तरच रासायनिक औषध. मात्रा लेबलवरची, दोन-तीन औषधांची खिचडी नको, तेच औषध पुन्हा पुन्हा नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. तोंडाला मास्क, हातात मोजे आणि वाऱ्याकडे पाठ, यात हयगय नको.

पतंगाला बांध कळत नाही. एकाने सापळा लावला आणि दहा जणांनी पाठ फिरवली, तर उपयोग थोडाच. म्हणून रोजचा पतंगांचा आकडा चावडीवरच्या फळ्यावर लिहा. फवारायचे की थांबायचे, ते त्या फळ्यासमोर उभे राहून सगळे मिळून ठरवू.

आपला,
गावातील शेतकरी गट