रोजचाच धूर, म्हणून कुणी भ्यालं नाही

८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री अमेरिकेतलं शिकागो शहर जळालं, हे पुष्कळांच्या वाचनात असेल. तिथे सुमारे ३०० माणसं गेली. त्याच रात्री तिथून उत्तरेला, विस्कॉन्सिन राज्यात, पेश्टिगो हे लाकूडतोडीचं गाव आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्या वणव्यात सापडल्या. बळी १,२०० ते २,५००. नक्की आकडा लागलाच नाही, कारण गावाच्या नोंदीही जळाल्या. रान जळालं सुमारे १२ लाख एकर. पण शहराच्या बातमीत गावाची बातमी बुडाली. असं होतंच म्हणा!

याला दैवी कोप म्हणून हात झटकणं सोपं आहे. सरण मात्र माणसांनीच रचलं होतं. पाइनचे ओंडके गिरणीकडे न्यायचे, फांद्या-शेंडे रानातच टाकायचे. गावात घरं लाकडाची, रस्त्यावर लाकडाचा भुसा. रेल्वेचे मजूर मार्ग मोकळा करायला झुडपं पेटवत, शेतकरी जमीन साफ करायला खुंट जाळत. त्या वर्षी पावसाने दडी मारलेली, तरी जाळणं थांबलं नाही. २४ सप्टेंबरला आग गावापर्यंत आली, ती लोकांनी पाणी मारून थोपवली. माझ्या मते घात इथेच झाला. एकदा विझवली तशी पुन्हा विझवू, असा भरवसा बसला. रान इकडे धुमसतच होतं.

मग ८ तारखेला सोसाट्याचा वारा सुटला आणि ठिकठिकाणच्या आगी एक झाल्या. नदीवरच्या लाकडी पुलावर दोन्ही काठांची माणसं एकमेकांवर आदळली, कारण ज्याला त्याला पलीकडचा काठ बरा वाटत होता. फादर पीटर पर्निन वाचले ते पाच तासांवर नदीत राहून, डोक्यावर पाणी मारत. पुढे सुमारे ३५० प्रेतं एकाच खड्ड्यात पुरावी लागली. ओळख पटवायला माणूस उरला नव्हता.

आपल्याकडे बांध पेटवतात, उसाचं पाचट जाळतात, मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात. प्रत्येकाला आपली काडी लहानच वाटते. वनखात्याने जाळरेषा वेळेवर काढाव्यात, हे खरंच. पण वाऱ्याच्या दिवशी काडी ओढणाऱ्याचा हात धरायला वनरक्षक प्रत्येक बांधावर कुठून येणार? तिथे सरपंच अन् पोलीस पाटलांनीच जायला हवं. भाऊबंदकीतला वाईटपणा पत्करून.