मुलांस विचारा, आणि विचारून सुधारा

चाकण, महाळुंगे, निघोजें, भोसरीकडील शेतकरी-कारागीर बंधूंनो! जमिनी कारखान्यांखालीं गेल्या. हातीं आलेल्या पैशांतून तुम्ही मुलांस कॉलेजांत घालतां. तेथें शिकविलेलें त्यांस समजतें काय, हें त्यांस कोण विचारतो? आम्ही प्राथमिक शाळांचे शिक्षक. परंतु आमच्याच हातांखालून गेलेलीं मुलें तेथें बसतात, म्हणून बोलणें भाग आहे.

कॉलेजांचा दर्जा ठरविणाऱ्या 'नॅक' संस्थेनें २०१७ सालच्या पद्धतींत विद्यार्थ्यांचें मत घेण्याचें कलम घातलें. वर्गांत अभ्यासक्रम किती शिकविला, शिक्षक किती तयारीनें येतात, असे चोख प्रश्न त्यांत होते. परंतु असा फॉर्म वर्षअखेर भरून घेऊन कपाटांत ठेवला, तर उपयोग काय? भोसरीचा कारागीर जॉब अर्धा असतांनाच माप घेतो. पुरा झाल्यावर माप चुकलें, तर माल भंगारांत जातो. येथें तर मुलाचें अख्खें वर्ष भंगारांत जातें!

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें महात्मा जोतीराव फुले यांनीं मागणी केली, कीं प्राथमिक शाळांस शेतकरीवर्गांतले शिक्षक द्यावेत. ते लोकांत मिसळून त्यांच्या गरजा ओळखतील, आणि वेळ पडल्यास नांगर किंवा वाकसही हातीं धरतील. शिकणाऱ्याची अडचण कळल्यावांचून शिकवणें होत नाहीं, हेंच त्यांतलें मर्म. कॉलेजासही तें लागू आहे.

म्हणून आमचें म्हणणें असें. सत्राच्या मध्यावरच विचारावें. मराठींत विचारावें. नांव लिहून घेऊं नये. ज्याच्या हातीं अंतर्गत गुण, त्याच्याविषयीं उघडपणें खरें कोण लिहील? काय समजलें नाहीं, यंत्र हातानें चालवावयास मिळालें काय, एवढें विचारलें तरी पुरे. आणि पंधरा दिवसांत कोणता बदल केला, तें वर्गांत सांगावें.

मात्र या मतांची काठी करून तासिका तत्त्वावरील गरीब प्राध्यापकाचें पोट मारूं नये. कडक शिक्षकावर कांहीं मुलें रुसतात, हेंही खरें. म्हणून जोडीस अनुभवी सहकाऱ्यानें त्याचा तास पाहावा, व उणें दिसेल तें शिकवून भरून काढावें.

बंधूंनो, फीची पावती तुम्ही जपून ठेवतां. आतां एकदां कॉलेजांत जाऊन विचारा: आमच्या मुलांनीं काय सांगितलें, आणि तुम्हीं काय सुधारलें?