लहान मंडळींचे दप्तर

जमखंडी हे आज कर्नाटकात असलेले गाव एके काळी पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी होते. या गावी १८७३ साली जन्मलेले विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली विलायतेस गेले, ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात दोन वर्षे धर्मांचा तौलनिक अभ्यास करून १९०३ मध्ये परतले आणि मुंबई प्रार्थनासमाजाचे प्रचारक झाले. पुढे १९०६ साली त्यांनी अस्पृश्यतानिवारणासाठी काढलेल्या मंडळीचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. परंतु आपल्या सीमाभागातील या तरुणास ऑक्सफर्डला कोणी धाडले, हे फारसे कोणी विचारीत नाही. ती शिष्यवृत्ती इंग्लंडमधील युनिटेरियन पंथाच्या संस्थेची होती.

परमेश्वर एकच आहे, त्याची तीन रूपे मानण्याचे कारण नाही आणि येशू हा ईश्वर नसून थोर गुरू आहे, असे मानणारा हा ख्रिस्ती पंथ. प्रार्थनासमाजाशी त्याचे गोत्र जुळले यात नवल नाही. हा पंथ संख्येने नेहमीच लहान राहिला. तथापि या लहानशा मंडळींनी आपले जुने दप्तर ज्या निष्ठेने सांभाळले, त्यात परमुलखात राहणाऱ्या आपणा मराठी मंडळींना घेण्यासारखा धडा आहे असे मला वाटते. यावेळी त्याविषयीच चार शब्द लिहावयाचे आहेत.

इंग्लंडमध्ये १६८९ साली राजमान्य चर्चबाहेरच्या पंथांना उपासनेची मुभा देणारा कायदा झाला. त्यातून त्रैक्य नाकारणारांना मात्र कटाक्षाने वगळले होते. त्यांना कायद्याचे संरक्षण मिळण्यास १८१३ साल उजाडावे लागले. मधल्या शतकात गावोगावच्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या अनेक मंडळी हळूहळू, वाद न माजविता, युनिटेरियन मताकडे झुकत गेल्या. देऊळ तेच, बाके तीच, घराणीही तीच. श्रद्धा मात्र पिढ्यापिढ्यांनी बदलत गेली. असा बदल कोणत्याही जाहीरनाम्याने होत नाही. तो उमटतो तो इतिवृत्तांच्या वह्यांतून, प्रवचनांच्या हस्तलिखितांतून, नव्या धर्मोपदेशकाची नेमणूक करताना झालेल्या ठरावांतून.

अशा एखाद्या उपासकमंडळीच्या कपाटात असते तरी काय? बाप्तिस्म्यांची नोंदवही, सभासदांची यादी, विश्वस्तपत्रे, मंडळीच्या सभांची इतिवृत्ते, रविवारच्या शाळेचे हजेरीपट, छपराच्या दुरुस्तीची बिले आणि बाकांच्या भाड्याचा हिशेब. होय, त्या काळी प्रार्थनामंदिरातील बाके कुटुंबांना भाड्याने दिलेली असत आणि त्या उत्पन्नावर मंदिराचा खर्च चाले. कोणत्या कुटुंबाने पुढचे बाक घेतले, कोणाचे भाडे थकले, कोणत्या वर्षी कोण गाव सोडून गेले, हे सारे त्या रुक्ष आकड्यांत वाचता येते. गावाचा इतिहास लिहिणारास प्रवचनापेक्षा हा हिशेब कित्येकदा अधिक बोलका वाटतो.

या कागदांचे मोल केवळ इतिहासकारालाच असते असे नव्हे. इंग्लंडमध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८३७ साली सुरू झाली. त्यापूर्वी राजमान्य चर्चमध्ये मुलाचा बाप्तिस्मा न करणाऱ्या कुटुंबाला मुलाच्या वयाचा, वारसाहक्काचा पुरावा म्हणून आपल्या मंडळीच्या वहीवाचून आधार नसे. म्हणूनच लंडनमध्ये डॉक्टर विल्यम्स यांच्या ग्रंथालयात अशा पंथांच्या कुटुंबांतील जन्मांची एक स्वतंत्र नोंद १७४२ पासून १८३७ पर्यंत ठेवण्यात आली. पुढे गावोगावच्या मंदिरांतील जुन्या वह्या सरकारने मागवून घेतल्या आणि १८४० च्या कायद्याने त्यांना न्यायालयात पुराव्याचे स्थान दिले. त्या वह्या आज लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. आमच्या शाळेच्या प्रवेशनोंदवहीतून जन्मतारखेचा दाखला घेण्यासाठी सत्तरीचे वृद्ध काठी टेकीत येतात, तेव्हा मला हटकून त्या वह्यांची आठवण होते. वही लिहिणाऱ्या गुरुजींनी ज्या दिवशी ते नाव लिहिले, त्या दिवशी आपण कोणाच्या निवृत्तिवेतनाची तजवीज करीत आहोत याची त्यांना कल्पनाही नसेल.

परंतु दप्तराचे खरे सामर्थ्य या मंडळींना कळले ते १८४४ साली. लेडी ह्यूली नावाच्या एका धनिक विधवेने अठराव्या शतकाच्या आरंभी धर्मोपदेशकांच्या साहाय्यार्थ यॉर्क येथे मोठा निधी ठेवला होता. काळाच्या ओघात त्याचा कारभार युनिटेरियन विश्वस्तांच्या हाती आला. दाती त्रैक्य मानणारी होती, तेव्हा त्रैक्य न मानणारांचा या निधीवर हक्क नाही, असा दावा १८३० साली गुदरण्यात आला. आणि १८४२ मध्ये उमरावांच्या सभागृहाने तो मान्य केला. या निकालाने हाहाकार उडाला. कारण हाच न्याय लावला तर ज्या मंदिरांत युनिटेरियन कुटुंबांच्या तीन-तीन, चार-चार पिढ्या प्रार्थना करीत आल्या, ज्यांच्या आवारात त्यांचे आजे-पणजे पुरलेले होते, ती बहुतेक सारी जुनी मंदिरे हातची जाणार होती.

तेव्हा पार्लमेंटने १८४४ साली एक कायदा केला. त्याचा आशय असा, की मूळ विश्वस्तपत्रात विशिष्ट मताचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर गेली पंचवीस वर्षे त्या मंदिरात जी शिकवण आणि जी उपासनापद्धती चालत आली असेल, तोच निर्णायक पुरावा मानावा. आपल्याला शिक्षणविषयक टिपणामुळे परिचित असलेले मेकॉले या विधेयकाच्या बाजूने बोलले. स्वतः राजमान्य चर्चचे निष्ठावंत असलेले ग्लॅडस्टनही बोलले. ग्लॅडस्टन यांनी तर या मंदिरांचा पूर्वेतिहास तपासून आपले मत बनविले होते. तो इतिहास तपासता आला, याचे श्रेय कोणाला? ज्या कोणा अनामिक चिटणिसाने पन्नास-शंभर वर्षांपूर्वी मेणबत्तीच्या उजेडात ‘आजच्या सभेस अमुक इतके हजर होते’ असे लिहून खाली सही केली, त्याला.

येथे मला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी ज्या गावी नोकरीस होतो, तेथील मराठी वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी होतो. रंगरंगोटी काढली होती. मागल्या खोलीतील कपाटाच्या तळाला वाळवी लागलेली. त्यात जुन्या इतिवृत्तांच्या आणि जमाखर्चाच्या वह्यांची चवड. ‘यात कामाचे काय आहे, गुरुजी?’ असे शिपायाने विचारले. मी दोन वह्या चाळल्या. उपस्थिती, सुतळीचा खर्च, गणेशोत्सवाची वर्गणी. ‘काही नाही, घालून टाका रद्दीत,’ असे मी म्हणालो. मराठीचा एम. ए. झालेला, मुलांना इतिहासाचे महत्त्व सांगणारा मी!

पुढे सहा वर्षांनी त्या जागेचा प्रश्न उपस्थित झाला. ज्या गृहस्थांनी जागा दिली होती, त्यांचे नातू म्हणू लागले की आजोबांनी ती केवळ वापरावयास दिली होती. दान केल्याचे त्यांचे पत्र एका वार्षिक सभेत वाचून दाखविल्याचे आणि ते इतिवृत्तात उतरवून घेतल्याचे दोघा वृद्ध सभासदांना पक्के स्मरत होते. पण स्मरणाला सही-शिक्का नसतो. अखेर समझोता झाला आणि वाचनालय दोन भाड्याच्या खोल्यांत गेले. मला कोणीही बोल लावला नाही, कारण ती वही कोणी रद्दीत घातली हे कोणाला आठवतच नव्हते. मला मात्र आठवते.

दप्तर नष्ट व्हावयास नेहमीच शत्रू लागतो असे नाही. प्रख्यात शास्त्रज्ञ आणि युनिटेरियन धर्मोपदेशक जोसेफ प्रीस्टली यांचे बर्मिंगहॅम येथील घर, प्रयोगशाळा, ग्रंथ आणि हस्तलिखिते १७९१ च्या जुलैत दंगलखोरांनी जाळून उद्ध्वस्त केली. ती घटना इतिहासात नोंदली गेली. परंतु माझ्यासारख्या सज्जन, नीटनेटक्या माणसांनी दिवाळीच्या साफसफाईत जे घालविले असेल, त्याची नोंद कोठेच नाही.

उलट, राखलेल्या कागदाचे ऋण किती दूरवर पोचते ते पाहा. राजा राममोहन रॉय १८३३ साली ब्रिस्टल येथे निवर्तले. तेथील युनिटेरियन मंडळीचे धर्मोपदेशक लँट कार्पेंटर हे त्यांचे स्नेही. लँट यांची कन्या मेरी कार्पेंटर हिने राजांच्या इंग्लंडमधील अखेरच्या दिवसांविषयीचे साहित्य जुळवून १८६६ साली त्याचे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी ती हिंदुस्थानात आली. एका भारतीय महापुरुषाच्या शेवटच्या दिवसांची हकीकत आपल्याला कळते, ती परक्या गावच्या एका लहान मंडळीने ती जपली म्हणून. याच मेरीचे पुतणे एस्टलिन कार्पेंटर हे ऑक्सफर्डला शिंद्यांचे अध्यापक होते.

आपल्याकडेही या गोष्टीच्या दोन्ही बाजू दिसतात. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेली परमहंस सभा गुप्तपणे जातिभेद मोडीत असे. १८६० च्या सुमारास तिचे दप्तर चोरीस गेले, नावे फुटणार या धास्तीने सभासद पांगले आणि सभा मोडली. कागद किती बलवान असतो, आणि तो कोणाच्या हाती पडावा याची काळजी किती घ्यावी लागते, याचे याहून बोलके उदाहरण नाही. त्याच परंपरेतून १८६७ साली उघडपणे उभ्या राहिलेल्या प्रार्थनासमाजाने मात्र ‘सुबोधपत्रिका’ चालविली, अहवाल छापले, आणि द्वा. गो. वैद्य यांना साठ वर्षांनी, १९२७ साली, समाजाचा विस्तृत इतिहास प्रसिद्ध करता आला.

वाचकहो, आपल्या गावी एखादे महाराष्ट्र मंडळ, वाचनालय, भजनी मंडळ किंवा गणेशोत्सव समिती असेलच. तिचेही एखादे कपाट असेल. आपण संख्येने थोडे, परराज्यात राहणारे. आपण येथे होतो, नांदलो, भांडलो, शाळा चालविल्या, याचा साक्षीदार ते कपाटच आहे. म्हणून काही साध्या गोष्टी सुचवितो.

आधी जे आहे त्याची यादी करावी. यादीवाचून केलेली सफाई म्हणजे लूटच. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद काही वर्षांनी कागदाला तपकिरी डाग पाडतो. मूळ कागद प्लॅस्टिकमध्ये कायमचा बंद करून घेण्याचा मोह टाळावा, कारण तो पुन्हा सोडविता येत नाही. वह्या सुती कापडाच्या स्वच्छ बासनात बांधून, भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर, हवा खेळती राहील अशा कपाटात ठेवाव्यात. पावसाळ्याआधी व नंतर एकदा उघडून पाहाव्यात; दमट झालेल्या वह्या सावलीत वाळवाव्यात, उन्हात नव्हे. छायाचित्रांच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने नावे लिहावीत, आणि तीही ओळखणारी माणसे हयात असतानाच.

आजकाल मोबाइलवर पानांची छायाचित्रे घेणे सोपे झाले आहे. ती अवश्य घ्यावीत, सालवार नावे देऊन दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावीत. पण छायाचित्र घेतले म्हणून मूळ वही टाकू नये. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे या बाजूंच्या मंडळींपाशी मोडी लिपीतील कागदही असतील. ते वाचणारे हात दिवसेंदिवस विरळ होत आहेत. त्यांचे लिप्यंतर आधी करून घ्यावे. आणि सांभाळ होणे शक्यच नसेल तर एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे किंवा अभिलेखागाराकडे लेखी करार करून दप्तर सोपवावे. त्यात कमीपणा नाही.

एक विनंती मात्र आवर्जून. भांडणांची पाने फाडू नयेत. मंडळात दोन तट पडले, अध्यक्षांनी राजीनामा दिला, हिशेबात तूट आली, हे वाचताना आज संकोच वाटेल. हयात माणसांच्या अब्रूचा प्रश्न असेल तर ती वही काही वर्षे मोहोरबंद ठेवावी; पण नष्ट करू नये. केवळ हारतुऱ्यांची नोंद असलेल्या इतिवृत्तावर पुढच्या पिढीचा विश्वास बसत नाही.

येत्या सभेत मंडळाच्या चिटणिसांना इतकेच विचारावे, ‘आपली सर्वांत जुनी वही कोठे आहे?’ उत्तर मिळाले तर ती पाहून यावे. मिळाले नाही तर रद्दीवाला येण्याआधी शोधावी. मी हा प्रश्न पंचवीस वर्षांपूर्वी विचारावयास हवा होता.