वाघावर बसून परतलेली प्रिया

हैदराबादेत आबिड्सच्या पदपथांवर दर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. आईबापांचे बोट धरून आलेली मुले तेथे चित्रकथांच्या ढिगापाशी हटकून रेंगाळतात. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजाल कॉमिक्सचा एखादा जीर्ण अंक निघाला, तर मुलांपेक्षा बापालाच अधिक हर्ष होतो. वेताळ आणि जादूगार मँड्रेक हे त्याच्या बालपणीचे सोबती ना! परंतु ज्या नायिकेविषयी आज लिहावयाचे आहे, ती त्या ढिगात सहसा सापडावयाची नाही. तिचे नाव प्रिया.

डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत धावत्या बसमध्ये एका तरुणीवर अमानुष अत्याचार झाला आणि सारा देश हादरला. राम देविनेनी हे भारतीय वंशाचे अमेरिकन चित्रपटकार त्या वेळी दिल्लीत होते. त्यांनी एका पोलीस अधिकाऱ्यास याविषयी विचारले, तेव्हा चांगल्या घरची मुलगी रात्री एकटी हिंडत नाही, अशा अर्थाचे उत्तर आले. या उत्तरातून प्रियेचा जन्म झाला. ‘प्रियाज शक्ती’ ही डॅन गोल्डमन यांनी चितारलेली चित्रकथा डिसेंबर २०१४ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाली आणि संगणकावर कोणासही विनामूल्य वाचावयास मिळाली.

प्रिया ही खेड्यातील साधी मुलगी. तिच्यावर बलात्कार होतो. ती घरी येऊन सांगते, तेव्हा घरचेच तिला दोष देतात आणि तिला गाव सोडावे लागते. रानात एक वाघ तिच्या मागावर असतो. कथा हिंदू पुराणांच्या वळणाची असल्याने पार्वती तिला धीर देते. प्रिया पळावयाचे थांबते, वाघाकडे वळून पाहते, आणि ज्याचे भय वाटत होते त्याच्याच पाठीवर बसून गावात परतते. स्त्रियांशी आदराने वागा, मुलामुलींना सारखे शिकवा, अन्याय दिसताच बोला, एवढेच तिचे सांगणे. तिला उडता येत नाही, की तिच्या मुठीत वज्र नाही.

२०१६ च्या ‘प्रियाज मिरर’मध्ये तर ती आम्ल फेकून विद्रूप केलेल्या स्त्रियांना भेटते. अहंकार नामक दैत्याच्या गढीत त्या कोंडल्या आहेत. बाहेर जगाच्या नजरा सोसाव्या लागतील, या भीतीने त्या तेथेच राहतात. प्रिया त्यांच्यापुढे आरसा धरते. त्यात त्यांना आपले खरे रूप दिसते आणि त्या बाहेर पडतात.

असले विषय मुलांपुढे कशास, असे काही पालक विचारतील. लहानग्यांच्या हाती ही पुस्तके देऊ नयेत, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु वयात आलेल्या मुलांसोबत, आणि मुलींइतकेच मुलग्यांसोबत, आईबापांनी ती वाचावीत. दुबळ्यास धक्के मारून हटविणारा वीर मुलांना पुष्कळ ठिकाणी भेटतो. लाज कोणाची आणि ती कोणाच्या माथी मारली जाते, हे समजावून सांगणारी नायिका क्वचितच भेटते. म्हणूनच तिची उपेक्षा आम्हांस खटकते.

प्रिया प्रकट होण्यापूर्वी दोनच महिने, २४ ऑक्टोबर २०१४ रोजी, हैदराबादेत पोलिसांची ‘शी टीम्स’ ही पथके सुरू झाली. साध्या वेषातील पोलीस बाजारांत आणि बसथांब्यांवर छेडछाड करणारांस पकडू लागले. हे उत्तमच झाले. परंतु पोलिसांचा पहारा रस्त्यावर असतो. मुलगी उंबरठा ओलांडून घरात येते आणि मान खाली घालून काही सांगू लागते, तेव्हा तेथे आपणच असतो. प्रियेच्या घरच्यांनी त्या क्षणी तिचे ऐकून घेतले असते, तर तिला रानाची वाट धरावी लागली नसती.

आज रात्री जेवणे आटोपल्यावर आपल्या मुलीस एवढे अवश्य सांगा: काहीही घडो, तू आधी घरी ये, आम्ही तुझे ऐकून घेऊ.