इंग्रजीसाठी घरची भाषा सोडू नका

अहमदनगरच्या (आता अहिल्यानगर) किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात मौलाना अबुल कलाम आझाद कैदेत होते. 'गुबार-ए-खातिर'मधली बहुतेक उर्दू पत्रं त्यांनी इथेच लिहिली. मौलानांचं शिक्षण घरीच, अरबी-फारसीत झालं होतं. मग इंग्रजी? मुळाक्षरं शिकल्यावर त्यांनी बायबलच्या इंग्रजी, फारसी आणि उर्दू प्रती शेजारी ठेवून वाचल्या. पुढे शब्दकोश घेऊन इंग्रजी वर्तमानपत्रं वाचू लागले.

आपण काय करतो? स्पर्धा परीक्षेसाठी अवघड शब्दांच्या याद्या पाठ करतो आणि पेपर झाला की विसरतो. वर मराठी किंवा उर्दू माध्यमात शिकल्याची लाज बाळगतो. खरं तर तीच आपली पुंजी आहे. अल्जेब्रा म्हणजे अरबी 'अल-जब्र', सायफर म्हणजे 'सिफर'. मॅगझिनचं मूळ 'मखाज़िन', म्हणजे कोठारं.

म्हणून एक करा. रोज एकच बातमी आधी मराठीत, मग इंग्रजीत वाचा. पाच नवे शब्द पूर्ण वाक्यांसह वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी बोलताना वापरा. चुकलं तर चुकू द्या. गप्प राहिल्यानं मात्र इंग्रजी कुणालाच आलेली नाही.